वय विचारणाऱ्याच्या हाती काय द्यावे?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



आजचा विषय आपणांस थोडा चमत्कारिक वाटेल. मोबाईलवर गप्पा मारण्याची जी ठिकाणे आहेत, त्यांपैकी काहींवर आता "वय किती?" एवढे विचारून भागत नाही. "ते सिद्ध करा" असे सांगितले जाते. कोठे कॅमेऱ्यासमोर चेहरा धरावा लागतो, तर कोठे ओळखपत्राचा फोटो पाठवावा लागतो. तो फोटो पुढे कोठे जातो, एवढ्याच प्रश्नाविषयी मी बोलणार आहे.

वय विचारणे मुळात गैर आहे असे माझे म्हणणे नाही. चौदा वर्षांचा मुलगा म्हणून गप्पांत शिरणारा माणूस चाळीस वर्षांचा असू शकतो, आणि लहान मुलांना फसवून त्यांचे फोटो मागणारे लोक जगभर आहेत. अमेरिकेने १९९८ साली कायदा केला की तेरा वर्षांखालील मुलांची माहिती आईवडिलांच्या संमतीवाचून गोळा करू नये. तेव्हापासून बहुतेक कंपन्यांनी तेरा हा आकडा धरला आणि जन्मतारखेचा एक रकाना ठेवून त्या मोकळ्या झाल्या. त्या रकान्यात १९९० लिहून आत गेलेले पाचवी-सहावीचे विद्यार्थी या सभागृहातही असतील. हात वर करायला मी सांगत नाही!

ही पळवाट बंद करावी म्हणून सरकारे पुढे आली. ब्रिटनच्या २०२३ च्या ऑनलाईन सुरक्षा कायद्याखाली २५ जुलै २०२५ पासून मुलांना अपायकारक मजकुरासाठी वयाची खरी तपासणी सक्तीची झाली. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली. 'रोब्लॉक्स' हा खेळ आपली मुले खेळतात. त्यात गप्पा मारावयाच्या असतील तर जानेवारी २०२६ पासून जगभर चेहरा दाखवून वयोगट ठरवून घ्यावा लागतो. म्हणजे हा विषय विलायतेचा राहिलेला नाही, तो आपल्या घरच्या मोबाईलमध्ये येऊन बसला आहे.

आता यातली खरी गोम पाहू. मूल कोण हे ओळखायचे म्हणजे मूल नसलेल्यांनाही विचारावे लागते. दहा जणांत एक लहान असेल, तर दहाही जणांचे चेहरे आणि कागद तपासावे लागतात.

एस.टी.चा कंडक्टर अर्ध्या तिकिटाच्या वेळी काय करतो ते आठवा. तो मुलाकडे पाहतो, उंची पाहतो, फारच शंका आली तर दाखला मागतो, पाहतो आणि परत देतो. मुलाचा फोटो काढून तो आपल्या पिशवीत ठेवत नाही. चेहऱ्यावरून वयाचा अंदाज करणारे यंत्र तत्त्वतः याच कंडक्टरचे काम करते. तुम्ही कोण हे त्याने ओळखण्याची गरज नसते, फक्त वयाचा अदमास बांधायचा असतो. 'चित्र लगेच पुसून टाकतो' असे कंपन्या सांगतात. तसे खरोखर होत असेल, तर त्या पद्धतीत फारसे वाईट नाही.

परंतु अंदाज तो अंदाजच. पंधरा वर्षांचा कोण आणि अठराचा कोण हे आपण शिक्षक रोज वर्गात पाहूनही चुकतो. अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने २०२४ मध्ये अशा सहा यंत्रप्रणाली तपासल्या, तेव्हा स्त्रियांच्या चेहऱ्यांबाबत चूक जवळजवळ नेहमीच अधिक आढळली. यंत्र चुकले की तक्रार करावी लागते, आणि तक्रारीबरोबर ओळखपत्र मागितले जाते. घात होतो तो येथे.

'डिस्कॉर्ड' या गप्पांच्या मंचाचे उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये या कंपनीने जाहीर केले की ग्राहकसेवेचे काम पाहणाऱ्या एका बाहेरच्या संस्थेमार्फत माहिती चोरीस गेली असून, सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघडे पडले असावेत. ही ओळखपत्रे कोणाची? वयाच्या निर्णयाविरुद्ध दाद मागणाऱ्यांची. म्हणजे ज्यांनी सरळ मार्गाने जाऊन कागद दाखविले, त्यांचेच कागद चोरांच्या हाती पडले. त्याआधी जुलै २०२५ मध्ये 'टी' नावाच्या, केवळ स्त्रियांसाठी असलेल्या अमेरिकन ॲपमधून सुमारे ७२,००० चित्रे बाहेर आली. त्यांपैकी सुमारे १३,००० चित्रे स्त्रियांनी आपली ओळख पटविण्यासाठी दिलेले चेहरे आणि ओळखपत्रे होती.

पासवर्ड चोरीस गेला तर दुसरा करता येतो. चेहरा आणि जन्मतारीख कोठून बदलून आणणार? शिवाय आपल्या पुष्कळ मुली मोबाईलवर स्वतःचा फोटो लावत नाहीत. तेथे फुलाचे नाहीतर निसर्गाचे चित्र असते. ती त्यांची निवड आहे आणि घराचीही आहे. अशा मुलीला एका खेळातल्या गप्पांसाठी कॅमेऱ्यासमोर चेहरा डावी-उजवीकडे फिरवायला सांगितले, तर तिने नकार दिला म्हणून तिला मागासलेली म्हणू नका. तिचा प्रश्न रास्त आहे.

आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. त्यानंतर २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कंपन्यांवरील मुख्य बंधने नियम निघाल्यापासून अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हे आवडणार नाही, पण तसे आहे खरे. मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती हवी, मुलांच्या हालचालींवर पाळत नको, त्यांना लक्ष्य करून जाहिराती नकोत, आणि या कर्तव्यांत कसूर झाल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. तरतूद चांगली आहे. पण संमती पालकानेच दिली हे पडताळताना पालकाचीही ओळख द्यावी लागणार, हे विसरू नका. नियमांत डिजिटल लॉकरसारख्या सेवेमार्फत सांकेतिक खूण देण्याची सोय ठेवली आहे. तेथे कागद न देता खात्री देता येते, म्हणून तीच वाट मला बरी वाटते. युरोपीय आयोगानेही जुलै २०२५ मध्ये अशाच एका ॲपचा नमुना पुढे आणला. त्यात अठरा पूर्ण झाली की नाही एवढेच कळते, नाव-पत्ता कळत नाही.

आता घरातल्या गोष्टी. मुलगा म्हणतो, "अम्मी, जरा कॅमेऱ्याकडे बघ," आणि अम्मी कामाच्या गडबडीत बघते. खाते प्रौढाचे ठरते! त्या क्षणापासून ते यंत्र तुमच्या दहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या घोळक्यात बसविते. कागद वाचविण्यापेक्षा हा व्यवहार महागात पडेल. मित्रांनो, तपासणी चुकविण्यासाठी कोणते तरी फुकटचे व्ही.पी.एन. घेऊ नका. ब्रिटनमध्ये कायदा लागू होताच लोकांनी ही ॲप्स धडाधड उतरवून घेतली. पण त्यातून तुमची सारी ये-जा एका अनोळखी माणसाच्या दारातून होते, हे ध्यानात ठेवा. ओळखपत्र मागणाऱ्या ठिकाणी गप्पांचा भाग बंद ठेवून नुसते खेळता येत असेल, तर तसे खेळा. आणि पालकहो, आधार दाखविल्यावाचून गत्यंतरच नसेल, तर शेवटचे चार अंकच दिसतात असे झाकलेले आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मिळते, ते वापरा. मात्र मुलावर ओरडण्याआधी त्याच्या खात्यात कोणते वय लिहिले आहे ते त्याच्याजवळ बसून पाहा. चूक दुरुस्त करायला गेलेल्या मुलाला मार मिळाला, तर पुढच्या वेळी तो सांगायलाच येणार नाही.

शेवटी आपल्याच शाळांविषयी. परदेशी कंपन्यांना नावे ठेवणे सोपे आहे. परंतु शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी "आधार आणि पासबुकचे फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाका" असे अनेक शाळांत सर्रास सांगितले जाते. दोनशे मोबाईलवर तो फोटो जातो आणि मग कोणीच तो पुसत नाही. माझी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना विनंती आहे की, हे कागद कार्यालयाच्या खिडकीवर पाहून परत द्यावेत, जे ठेवणे भाग आहे त्याची एकच प्रत कुलपात ठेवावी आणि ग्रुपवरचे जुने फोटो वर्गशिक्षकांनी पुसून टाकावेत. जूनच्या प्रवेशांपूर्वी हे उरकता येईल.