‘मला दिसलं नाही’ म्हणणारा खोटंच बोलतो का?

(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा मजकूर)



मी मानसशास्त्रज्ञ नाही, सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. पण ‘लक्ष’ हा विषय माझ्या कामाचा आहे, तसा तुमच्याही. तुम्ही तक्रारी लिहून घेता, घटनेच्या जागी जाता, साक्षीदारांशी बोलता. तिथे एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘मी तिथेच होतो, पण मला काही दिसलं नाही.’ आपण लगेच ठरवतो, हा खोटारडा आहे किंवा घाबरट आहे. एक खरी घटना सांगतो.

२५ जानेवारी १९९५ ची रात्र, अमेरिकेतलं बोस्टन शहर. गोळीबाराच्या प्रकरणातल्या संशयितांचा पोलीस पाठलाग करत होते. त्यात साध्या वेशातले कृष्णवर्णीय पोलीस मायकेल कॉक्स होते. त्यांनाच संशयित समजून इतर पोलिसांनी बेदम मारलं. त्याच वेळी केनेथ कॉन्ली हा पोलीस दुसऱ्या एका संशयितामागे जवळूनच धावत गेला आणि त्याने त्याला पकडलं. पुढे शपथेवर तो म्हणाला, मारहाण मला दिसलीच नाही. ज्युरीला हे पटलं नाही. १९९८ मध्ये खोटी साक्ष दिल्याबद्दल त्याला दोषी ठरवलं गेलं. एका साक्षीदाराविषयीची महत्त्वाची माहिती सरकारी पक्षाने बचाव पक्षाला दिली नव्हती, या कारणावरून तो निकाल नंतर रद्द झाला.

आता प्रश्न असा, की समोरची मारामारी खरंच न दिसणं शक्य आहे का?

क्रिस्टोफर शाब्री, डॅनियल सायमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून पाहिलं. त्यांचा प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी एका माणसामागे धावायचं आणि तो डोक्याला किती वेळा हात लावतो ते मोजायचं. वाटेच्या कडेला तिघेजण मारामारीचं नाटक करत होते. रात्री फक्त ३५ टक्के लोकांना ती दिसली, दिवसाउजेडी ५६ टक्के लोकांना. पुढे मोजण्याचं काम अवघड केलं तेव्हा ४२ टक्के लोकांनीच मारामारी पाहिली. मोजायला काहीच दिलं नाही, तेव्हा ७२ टक्के लोकांनी.

म्हणजे अंधार हे एकच कारण नव्हतं. डोळ्यांवर प्रकाश पडणं वेगळं आणि मनाने त्याची नोंद घेणं वेगळं. लक्षाची ताकद मर्यादित असते. ती एका कामात गुंतली की बाकीच्यासाठी थोडीच उरते. कानाचंही तेच. कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी भाषणं ऐकवली आणि एक मोठ्याने म्हणायला लावलं. दुसऱ्या कानातलं भाषण इंग्रजीतून जर्मनमध्ये गेलं, तरी ते लोकांना कळलं नाही.

मात्र यातून कॉन्ली खरं बोलत होता हे सिद्ध होत नाही. तसं असणं शक्य आहे, एवढंच कळतं. आणि हा खुलासा सगळ्यांना लागू होत नाही. कॉक्स यांना मारणाऱ्यांना आपण काय करतोय हे माहीत होतं. तरीही त्या मारहाणीसाठी एकालाही फौजदारी शिक्षा झाली नाही. त्यामुळे ‘लक्ष नव्हतं’ ही ढाल कोणालाही सहज मिळू देऊ नका.

मग करायचं काय? साक्षीदाराला आधी विचारा, ‘त्या क्षणी तुम्ही काय करत होता? नजर कुठे होती?’ प्रत्येकाशी स्वतंत्र बोला, आणि त्यांनी आपसात चर्चा करण्याआधी बोला. ‘दिसलं नाही’ हेही जसंच्या तसं लिहून घ्या. त्याचा अर्थ ‘घडलं नाही’ असा लावू नका आणि ‘लपवतोय’ असाही लावू नका.

आमच्या कामात एकाने लिहिलेला प्रोग्राम दुसरा तपासतो. लिहिणारा अडाणी असतो म्हणून नव्हे, त्याचं लक्ष दुसरीकडे गुंतलेलं असतं म्हणून. कोणाची नोकरी, कोणाची अब्रू, कोणाचा तुरुंगवास तुमच्या टिपणावर अवलंबून असेल, तेव्हा तेही दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या. माणसावर ठपका ठेवण्याआधी एवढं तरी आपण करायलाच हवं.