गुप्त राहणारा देव

पावसाळा कोरडा जाऊं लागला म्हणजे वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला भेगा पडतात, पऱ्हाटी वीतभर वाढून सुकते, आणि पारावर बसलेल्या माणसांच्या तोंडून एकच प्रश्न निघतो : देव आहे तरी कोठें? हा प्रश्न नास्तिकाचा नव्हे. ज्याचा देवावर भरंवसाच नाहीं, त्याला देव दिसला नाहीं म्हणून दुःख होण्याचें कारण नाहीं. ज्यानें हांक मारली आणि ज्याला ओ मिळाली नाहीं, त्याचा हा प्रश्न आहे.

१८९९-१९०० सालच्या दुष्काळांत अमरावती-अकोल्याकडील खेड्यापाड्यांतून हा प्रश्न घरोघर विचारला गेला असेल. १८९१ सालीं वऱ्हाडची लोकसंख्या सुमारें २९ लाख होती. १९०१ च्या शिरगणतींत ती साडेसत्तावीस लाखांवर आली. दहा वर्षांत जीं माणसें वाढावयाचीं तीं वाढलीं नाहींतच. होतीं त्यांतलींही दुष्काळानें आणि त्याच्या पाठोपाठ आलेल्या रोगांनीं नेलीं.

ख्रिस्ती धर्मांत अशा प्रश्नाला जागा नाहीं, श्रद्धा ठेवावी आणि गप्प बसावें, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिति निराळी आहे. पवित्र शास्त्रांतील ईयोब हा सज्जन मनुष्य मुलेंबाळें, गुरेंढोरें आणि शरीरस्वास्थ्य गमावून बसतो. तो चहूंकडे देवाला शोधतो आणि देव त्याला सांपडत नाहीं. मित्र येऊन सांगतात कीं हें तुझ्या पापाचें फळ. पण ग्रंथाच्या शेवटीं देवाचा कोप होतो तो तयार उत्तरें देणाऱ्या मित्रांवर. आणि प्रत्यक्ष येशूनेंही वधस्तंभावर, देवानें आपणांस कां सोडलें, असाच आक्रोश केला.

महाराष्ट्रांत हा प्रश्न जिनें आपल्या हाडामांसानें विचारला, ती व्यक्ति म्हणजे पंडिता रमाबाई. १८५८ सालीं जन्मलेल्या रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान्. कुटुंब तीर्थोतीर्थीं पुराणें सांगत हिंडे. दुष्काळानें गांठलें तेव्हां या मंडळींनीं उपास केले, जप केले, होतें तें द्रव्य दानधर्मांत वेंचलें, आणि देव प्रसन्न होईल म्हणून वाट पाहिली. देव प्रगट झाला नाहीं. १८७४ सालीं वडील गेले, त्यांच्यामागून आई गेली, पुढें बहीणही गेली. उरलेलीं दोघें भावंडें पायीं हिंदुस्थानभर फिरून १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथें रमाबाईंच्या विद्वत्तेचा सत्कार झाला. परंतु अंतःकरणांतील जुनी श्रद्धा तोंवर ढांसळली होती.

१८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. गोष्ट येथेंच संपती तर ती सोपी झाली असती. परंतु पुढें कित्येक वर्षांनीं त्यांनीं प्रांजळपणें कबूल केलें कीं, आपणांस ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. देव बदलला म्हणून पडदा उठला, असें झालें नाहीं. त्यांना आणखी आठ वर्षें शोधावें लागलें.

१८९६-९७ च्या दुष्काळांत मात्र आपल्या कुटुंबावर ओढवलेला प्रसंग त्यांना हजारों कुटुंबांवर आलेला दिसला. त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि शेंकडों निराधार मुली व विधवा घेऊन आल्या. त्यांच्यासाठीं केडगांवचें मुक्तिसदन उभें राहिलें. इकडे अकोल्यासही मिशनऱ्यांनीं दुष्काळांतल्या पोरक्या मुलांना आश्रय दिला. अकोल्याच्या मिशनऱ्यांपैकीं जेनी फुलरबाई यांनीं हिंदी स्त्रियांच्या हालअपेष्टांवर लिहिलेला ग्रंथ १९०० सालीं रमाबाईंच्या प्रस्तावनेसह निघाला, आणि त्याच सालीं बाईंचा अंत झाला.

अशा कार्यावर एक आक्षेप घेतला जात असे, आणि तो उडवून लावण्याजोगा नाहीं. भाकरीच्या पाठोपाठ बाप्तिस्मा येत असेल, तर ती भाकर दयेची कीं सौद्याची? याचा निवाडा येशूच्या डोंगरावरील प्रवचनानेंच करावा. दानाचा डांगोरा पिटूं नये, असें तेथें सांगितलें आहे. आणि ज्याच्या नांवानें तें करावयाचें, तो पिताही गुप्त असणारा आहे, असें म्हटलें आहे. देव स्वतः आपली द्वाही फिरवीत नाहीं. मग त्याच्या सेवकानें भाकरीवर त्याचा शिक्का कां मारावा? गुरुजी छडी घेऊन वर्गांत उभे असले म्हणजे सर्वच मुलें शहाणीं असतात. ते बाहेर गेल्यावर जो मुलगा आपली पेन्सिल मोडून अर्धी शेजाऱ्याला देतो, त्याचें मन खरें कळतें. देव सदासर्वकाळ डोळ्यांपुढें उभा राहता, तर धाक पुष्कळ वाढला असता. प्रेम वाढलें असतें असें नाहीं.

परंतु हें बोलणें पोट भरलेल्या माणसाचें आहे. रस्त्याच्या कडेला पोर मांडीवर घेऊन बसलेल्या आईला तें सांगण्याची कोणाची छाती होईल? तिच्यापुढें युक्तिवाद करूं नये, भाकर करावी. येशूच्या न्यायाच्या दाखल्यांत राजा भुकेल्याच्या रूपानें येतो, आणि ज्यांनीं त्याला जेवूं घातलें त्यांनाही तो कोण हें ठाऊक नसतें. देव कोठें लपला, याचें त्या दाखल्यांतील उत्तर असें कीं, तो मदत मागणाऱ्याच्या बाजूस आहे. अमरावती जिल्ह्यांत शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेले गाडगे महाराज ख्रिस्ती नव्हते. परंतु हातांत खराटा घेऊन त्यांनीं जन्मभर हीच वाट झाडली.

तरीही ज्यांच्यापर्यंत कोणाचाच हात पोहोंचला नाहीं, त्यांचा हिशेब उरतोच. ख्रिस्ती मनुष्यापाशीं त्याचा उलगडा नाहीं. त्याच्यापाशीं वधस्तंभ आहे; म्हणजे त्या अंधारांत देव स्वतः उतरला, एवढाच विश्वास आहे.

रमाबाईंना याहून अधिक मिळालें नाहीं. त्यांना ऐकूं कमी येई. १९२१ सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठींत पवित्र शास्त्र उतरविण्याचें त्यांचें काम तेव्हांही चालूच होतें. तें पुरें करून ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. ज्या मुलीनें रानांत उपाशीपोटीं देवाची वाट पाहिली होती, तिनें पुढें शेंकडों मुलींना वाट पाहावयास न लावतां जेवूं घातलें. देव कोठें होता, हें त्या मुलींनाच विचारावें.