चाकाचे कुलूप आपल्या हाती

बैलगाडीच्या चाकाचे आरे ज्या ठिकाणी येऊन मिळतात त्यास तुंबा म्हणतात. मोटारीच्या चाकालाही असा तुंबा असतो. कारखान्यातील मंडळी त्यास 'हब' म्हणतात. चारही चाकांना इंजिनाची शक्ती पोहोचविणाऱ्या काही ट्रकांत पुढच्या दोन हबांकडे एक विशेष काम सोपविलेले असते. चिखलात, वाळूत वा बर्फात पुढचे चाक आसाशी जखडून टाकायचे आणि चांगल्या सडकेवर त्यास मोकळे सोडायचे. हे कुलूप आपोआप लागावे की माणसाने हाताने लावावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु ओढ्याच्या पात्रात गाडी रुतली म्हणजे त्याचे मोल कळते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लष्कराने विक्रीस काढलेल्या जीपगाड्या अनेकांनी घेतल्या. सडकेवर त्यांचे पुढचे आस आणि दातेरी चक्रे विनाकारण फिरत राहात; इंधन जाई, झीज होई. ही अडचण ओळखून आर्थर वॉर्न यांनी १९४८ साली सिएटल येथे हाताने लावावयाच्या हबांचा धंदा सुरू केला. हबाच्या तोंडावरील तबकडी फिरवली की चाक व आस एकमेकांत अडकत. उलट फिरवली की सुटत. यात गैरसोय एकच होती. ऐन पावसात खाली उतरून दोन्ही चाकांपाशी वाकावे लागे.

ती टाळण्यासाठी १९८० नंतरच्या दशकात फोर्ड रेंजरसारख्या लहान ट्रकांत आपोआप लागणारे हब आले. चालकाने बसल्या जागी दांडा ओढावा. आस फिरू लागला की त्याच्या जोराने हबातील कॅम सरकतो आणि कुलूप लागते. ते सोडवावयाचे तर ट्रक थांबवून शक्ती मागच्या दोन चाकांवर आणावी आणि सुमारे तीन मीटर मागे घ्यावा. सोय मोठी खरी. परंतु तिच्या पोटातच तिची उणीव दडलेली आहे. रुतलेली गाडी काढताना चालक तिला मागे-पुढे झोके देतो. दिशा पालटली की हे हब सुटतात आणि मग पुन्हा अडकतात. ज्या क्षणी पुढच्या चाकांनी ओढ धरावयाची, नेमक्या त्याच क्षणी ती मोकळी असू शकतात. शिवाय आतील ग्रीस थंडीने घट्ट झाले, तरी आत काय चालले आहे हे बाहेरून दिसत नाही.

म्हणून अनुभवी ट्रकमालक पुन्हा हाताच्या हबाकडे वळतात. बदल अवघड नाही. मात्र काळजीचा आहे. चाक उतरवून हबाचे आवरण काढतात, आसाच्या टोकावरील पोलादी कडी सोडवितात आणि जुनी यंत्रणा बाहेर घेतात. रेंजरमध्ये केवळ नवे हब आणून भागत नाही. जुना कॅम, त्याची चावी व नट काढून, त्यांच्या जागी दोन नट आणि त्यांच्यामध्ये बसणारा अडकणीचा वॉशर असा वेगळा संच घालावा लागतो. प्रथम चाक फिरवीत नट आवळावा, म्हणजे बेअरिंगे जागी बसतात; मग तो सैल करून ठरल्या मापाने पुन्हा आवळावा. फार घट्ट राहिला तर बेअरिंग तापून जळते. सैल राहिला तर चाक डुलते. येथे घाई करणारा आपल्या जिवाशी खेळतो.

काम झाल्यावर ट्रक जॅकवर उचलून परीक्षा घ्यावी. तबकडी मोकळी असताना चाक फिरवले तर आस स्वस्थ राहावा. लावल्यावर चाकाबरोबर तोही फिरावा. दोन्ही बाजूंची खात्री करावी. एकच हब लागला असेल, तर साध्या डिफरन्शियलमधून शक्ती मोकळ्या बाजूकडे निघून जाते; तिकडचा आस गरगरतो आणि पुढची दोन्ही चाके निरुपयोगी होतात.

नव्या व्यवस्थेबरोबर नवी सवयही लावून घ्यावी लागते. चिखलात शिरण्यापूर्वीच, कोरड्या जमिनीवर उभे असताना हब लावून ठेवावेत. त्यानंतर ट्रक दोन चाकांच्या शक्तीवर सडकेने नेला तरी बिघडत नाही. थोडे इंधन अधिक जाईल इतकेच. मात्र कोरड्या, टणक सडकेवर चारही चाकांना शक्ती देऊ नये. वळणावर पुढची व मागची चाके निरनिराळे अंतर कापतात आणि त्यांचा ताण दातेरी चक्रांवर येतो.

आपोआप चालणारे प्रत्येक यंत्र टाकून द्यावे, असा याचा अर्थ कोणी करू नये. ज्यांचा ट्रक वर्षातून दोनदाच सडक सोडतो त्यांना जुनी सोय पुरेशी आहे. परंतु ज्याला पावसाळ्यात नदीकाठच्या शेतावरून आजारी माणसाला गावात आणावे लागते, त्याला चाक अडकले आहे की नाही हे ओढ्यात शिरण्यापूर्वी ठाऊक असले पाहिजे. दोन मिनिटे भिजून त्याला ती खात्री मिळते, आणि त्या रात्री त्याला दुसरे काहीच नको असते.