गाळातलं कासव

मे महिन्यात गावतळं आटतं, तळाला भेगा पडतात आणि आपण म्हणतो, आता इथे काही उरलं नाही. पण त्या भेगांखालच्या ओलसर गाळात एखादं कासव पावसाची वाट पाहत निपचित पडलेलं असू शकतं. लिसेमिस पंक्टाटा हे त्याचं शास्त्रीय नाव. तळी, ओढे, कालवे, भातखाचरं. पाणी संथ आणि तळ मऊ असला की ते तिथे राहतं. पाणी आटलं की गाळात शिरतं आणि अन्नावाचून महिनेच्या महिने काढतं.

त्याच्या पाठीवर कठीण खवले नसतात. हाडाच्या कवचावर मऊ कातडी असते. पोटाच्या मागच्या बाजूला दोन झडपा असतात. मागचे पाय आत ओढले, की त्या झडपा दारासारख्या मिटतात. भारतातल्या मऊ पाठीच्या इतर कासवांना ही सोय नाही. गोगलगायी, बेडूक, मासे, पाणवनस्पती असं सगळं ते खातं. मेलेली जनावरंही खातं, त्यामुळे तळ्यातली घाण कमी होते.

मादी काठाच्या मातीत गोल, कठीण कवचाची अंडी घालते. आतल्या गर्भाची वाढ मध्येच थांबून राहू शकते, म्हणून पिल्लं बाहेर यायला कित्येक महिने लागतात. मला या प्राण्याचं सर्वांत मोठं नवल वाटतं ते हेच, की आई गाळात थांबते आणि अंड्यातलं पिल्लूही थांबतं.

आता माझी काळजी सांगतो. महाराष्ट्रात २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाली. गाळ काढायलाच हवा, शेताला तो सोन्यासारखा आहे. पण तो निघतो ऐन उन्हाळ्यात, म्हणजे कासव गाळात असतं तेव्हाच. जेसीबी चालवणाऱ्या भावांना विनंती, की बकेटमध्ये कासव दिसलं तर काम क्षणभर थांबवा. तळ्याचा एखादा ओलसर कोपरा न उकरता सोडता आला, तर फारच चांगलं.

सापडलेलं कासव विहिरीत सोडू नका, तिथे त्याला अंडी घालायला काठ नाही. घरीही ठेवू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे. वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा.