कोलकात्याचा चायनीज नाश्ता आणि माझा एक बावळट प्रश्न

हेडफोन नीट लावा, कारण आज मी तुम्हाला पहाटे साडेपाचला उठवणार आहे. तेही सुट्टीत.

तर झालं असं, मागच्या हिवाळ्यात मी चार दिवस कोलकात्याला गेलो होतो. व्हिक्टोरिया मेमोरियल, हावडा ब्रिज, रसगुल्ला, हे सगळं केलं. ते तुम्हीही कराल, त्यावर बोलत नाही. पण रविवारी पहाटे मी गेलो टिरेटा बाजारला. सेंट्रल मेट्रो स्टेशनपासून चालत, पोद्दार कोर्टाच्या शेजारी. एदुआर्दो टिरेटा नावाच्या एका इटालियन माणसाचा हा बाजार होता, त्याचंच नाव राहिलंय. आणि हा भाग म्हणजे कोलकात्याचा जुना चायना टाऊन. इटालियन नाव, चिनी वस्ती, बंगाली शहर. आहे की नाही मजा?

आता एक सांगतो, 'चायना टाऊन' ऐकून लाल कंदील आणि मोठी कमान वगैरे डोक्यात असेल तर ते काढून टाका. तिथे फक्त रस्त्याच्या कडेला मांडलेली टेबलं आहेत, वाफाळणारे ॲल्युमिनियमचे डबे आणि प्लास्टिकची स्टुलं. शेजारीच पुरी-भाजीवाला. तासा-दोन तासांत सगळं आवरतं. साडेआठला गेलात तर रिकामी पातेली बघून याल.

मी घेतलं फिश बॉल सूप, पोर्कचे सुई माय आणि एक बाव. बाव म्हणजे आत सारण भरलेला, वाफवलेला पांढराशुभ्र पाव. खरं सांगू? सूपचा पहिला घोट एकदम सपक लागला. आपली जीभ गाडीवरच्या शेजवानला सोकावलेली! पण तिसऱ्या-चौथ्या चमच्याला त्यातली माशाची चव कळायला लागली. मग मी चिली सॉसला हात लावलाच नाही.

आणि इथेच मी माती खाल्ली.

बाव विकणाऱ्या आजी होत्या, सत्तरीच्या असतील. मी मोबाईल काढला, गोड हसलो आणि हिंदीत विचारलं, "आंटी, आप लोग कहाँ से हो? चायना से?"

त्यांनी चिमट्याने बाव उचलला, माझ्या प्लेटमध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "टेंगरा से. तुम?"

मी म्हटलं, "मुंबई."

"बहुत दूर से आया," एवढंच बोलल्या आणि पुढच्या गिऱ्हाईकाशी खणखणीत बंगालीत बोलायला लागल्या.

मंडळी, त्या रस्त्यावर परका मी होतो. बंगालीचं एक वाक्य येत नाही मला. पण 'कुठून आलात' हा प्रश्न मी त्यांना विचारला, कारण काय, तर चेहरा. मी मोबाईल गुपचूप खिशात ठेवला.

थोड्या वेळाने गर्दी ओसरली, तेव्हा त्या आपणहून बोलल्या. वडिलांचं बेंटिंक स्ट्रीटला बुटांचं दुकान होतं. या रस्त्यावरची चिनी चांभारांची दुकानं पूर्वी प्रसिद्ध होती. हाक्का लोक चामड्याच्या धंद्यात, कँटनकडचे सुतारकामात, तर हुबेईचे दातांचे डॉक्टर. मी विचारलं, मग दुकानाचं काय झालं? त्या म्हणाल्या, "बासष्ट." फक्त साल.

१९६२ आपल्याला शाळेत युद्ध म्हणून शिकवतात. पण त्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे ३००० लोकांना घरातून उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं होतं. त्यात भारतात जन्मलेले होते, म्हातारे होते, पोरं होती. काही जण तर १९६७ पर्यंत आत होते. मी एवढा इतिहासाचा शौकीन, पण मला हे त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. नंतर बरेच जण कॅनडाला वगैरे निघून गेले. टेंगऱ्यातल्या टॅनऱ्यांनाही १९९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर शहराबाहेर जावं लागलं आणि तिथल्या काहींची हॉटेलं झाली. एके काळी वीस हजारांच्या घरात असलेला हा समाज आता जेमतेम दोन-एक हजारांवर आलाय असं म्हणतात. टेबलं कमी का दिसतात, ते आता कळलं ना?

दुपारी टेंगऱ्याला गेलो. तिथे एक चिनी कालीमंदिर आहे. प्रसाद काय असतो माहितीये? नूडल्स! आणि टिरेटा बाजारात चिनी देवळांना 'चर्च' म्हणतात. सी इप चर्च म्हणजे चक्क देऊळ. मी आधी गुगल मॅप चुकलाय समजून पुढे निघून गेलो होतो.

आता तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? तर ऐका. आपण चायनीजच्या गाडीवर हक्काने मागतो ते मंचुरियन, ते चीनमध्ये कुणाला माहीतही नाही. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी ते १९७५ च्या सुमारास आपल्या मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये बनवलं असं सांगतात. आलं-लसूण-हिरवी मिरची आपली, सोया सॉस त्यांचा.

परत आल्यावर मी एका रविवारी हार्बर लाइनने डॉकयार्ड रोडला उतरलो. माझगावात १९१९ चं एक चिनी देऊळ आहे, सी यिप कून. नाव ओळखीचं वाटलं? कोलकात्याचं सी इप आणि हे सी यिप, शब्द एकच. कँटनकडच्या चार तालुक्यांचं ते नाव. मी डोंबिवलीचा, इतकी वर्षं मुंबईत ये-जा केली, पण इथे कधी उतरलो नाही.

बाहेरून साधं दुमजली घर, देऊळ वरच्या मजल्यावर. आत उदबत्तीचा वास. तिथे एक काका बसले होते. या वेळी मी 'कहाँ से' विचारलं नाही. "चप्पल कुठे काढू?" एवढंच विचारलं, मराठीत. ते म्हणाले, "तिकडे कोपऱ्यात. आणि पंखा लावा, गरम होतंय."

चला, तुमच्या शहरातली अशी एखादी गल्ली असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. टेंगऱ्याच्या हॉटेलांतलं बिल ऐकून माझं काय झालं, ते पुढच्या भागात सांगतो.