अपस्मार आणि मेंदूची रचना



अपस्मार हा शब्द आपल्या वैद्यकांत फार जुना आहे. चरकसंहितेंत या विकाराच्या निदानाचा आणि चिकित्सेचा स्वतंत्र विचार केलेला आढळतो. स्मृति दूर होणें, असा त्या शब्दाचा अर्थ. व्यवहारांत आपण त्यालाच फेफरें, मिरगी किंवा फीट येणें म्हणतों. मी कोणी डॉक्टर नाहीं. मॅट्रिक होऊन शिक्षकाचा पेशा पत्करलेला आणि आतां निवृत्त झालेला एक शाळामास्तर आहें. तरीहि या विषयावर बोलण्याचें धाडस करतों, याचें कारण असें कीं, या बाबतींत माझ्या हातून एक अपराध घडलेला आहे, आणि तोच अपराध आजहि अनेक घरांतून व वर्गांतून नकळत घडत असावा.

गोष्ट १९९० च्या सुमाराची. पांचवीच्या वर्गांत एक मुलगी धडा वाचतां वाचतां मध्येंच थांबे. डोळे एका जागीं खिळत, पापण्या किंचित् फडफडत, आणि आठ-दहा सेकंदांनीं ती पुन्हां भानावर येई. परंतु आपण कोणत्या ओळीवर होतों हें तिला सांगतां येत नसे. मला वाटलें, मुलगी लक्ष देत नाहीं. "जागेपणीं झोपतेस काय?" असें विचारून मीं तिला सगळ्या वर्गासमोर उभें केलें. मुलें हंसलीं. हें एकदां नव्हे, कित्येकदां झालें.

पुढें एका डॉक्टरांनीं तिला दोन-तीन मिनिटें जोरजोरानें श्वास घ्यावयास सांगितला, आणि त्यांच्या समोरच तो प्रकार घडून आला. मेंदूच्या विद्युल्लहरींचा आलेख काढला, तेव्हां एका सेकंदास तीन या हिशेबानें टोंकदार लाटा उमटलेल्या दिसल्या. तो अपस्माराचाच एक सौम्य प्रकार होता. हातपाय झाडणें नाहीं, तोंडाला फेंस नाहीं, म्हणून तो आम्हांपैकीं कोणाच्याहि ध्यानांत आला नव्हता. मीं तिची क्षमा मागितली. पण ती एकांतांत. चूक मात्र वर्गासमोर केली होती. ती रुखरुख अद्याप गेलेली नाहीं.

याहून विलक्षण गोष्ट पुढेंच आहे. त्या मुलीचा सी. टी. स्कॅन काढण्यांत आला, आणि तो अगदीं निर्दोष निघाला. आईवडिलांना हायसें वाटावें; पण घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं निराळाच अर्थ काढला. मेंदूंत जर कांहींच नाहीं, तर हें सोंग असलें पाहिजे, नाहीं तर बाहेरचें कांहीं असलें पाहिजे! औषध चालूं असतांनाच अंगारे-धुपारे सुरू झाले. निर्दोष चित्रानें त्या मुलीलाच दोषी ठरविलें.

तेव्हां या चित्रांचा अर्थ काय, हें नीट समजून घेतलें पाहिजे. मेंदूंतील पेशी एकमेकींशीं अत्यंत सूक्ष्म विद्युत्प्रवाहानें बोलतात. एरवीं हें बोलणें शिस्तींत चालतें. मधली सुटी झाल्यावर वर्गांतलीं सगळीं मुलें एकदम ओरडूं लागावींत, तशा असंख्य पेशी एकाच वेळीं उसळल्या म्हणजे फीट येते. हा गलबला मेंदूच्या एका कोपऱ्यांत झाला, तर एखादा हातच थरथरतो किंवा मनुष्य क्षणभर भांबावतो. सर्वत्र पसरला, तर तो बेशुद्ध होऊन पडतो.

कांहीं रुग्णांच्या मेंदूंत या गलबल्याची जागा डोळ्यांना दिसते. कानशिलाच्या आंतल्या भागीं समुद्रघोड्याच्या आकाराचा एक अवयव आहे. त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात, आणि स्मरणाचें काम बव्हंशीं त्याच्याकडे असतें. कित्येक रुग्णांत तो आक्रसून कठीण झालेला असतो. झोमर नांवाच्या जर्मन वैद्यानें १८८० सालींच त्याचें सूक्ष्म वर्णन केलें होतें. आपल्या देशांत आणखी एक कारण वारंवार आढळतें. डुकराच्या मांसांतून पोटांत शिरणाऱ्या पट्टकृमीचीं अंडीं मळलेल्या हातांनीं किंवा न धुतलेल्या भाजीवाटे दुसऱ्याच्या पोटांत जातात, आणि त्यांतून निघालेल्या अळ्या मेंदूंत गांठी करून राहतात. मांसाला कधीं न शिवलेल्या घरांतहि हा आजार येतो, तो यामुळें. पण त्या मुलीसारखे असंख्य रुग्ण असे आहेत कीं, त्यांच्या चित्रांत असें कांहींच दिसत नाहीं. त्यांच्या मेंदूची रचना सर्वसामान्य माणसासारखीच आहे, असा पुष्कळ काळ समज होता.

या समजाला २०१८ सालीं मोठा धक्का बसला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील संजय सिसोदिया आणि देशोदेशींचे त्यांचे सहकारी यांनीं एनिग्मा या नांवाच्या सहकारी उपक्रमांतून १४ देशांतील २४ केंद्रांची माहिती एकत्र केली. २१४९ रुग्ण आणि १७२७ निरोगी माणसें यांच्या मेंदूंचीं एम्. आर्. आय्. चित्रें एकाच पद्धतीनें मोजण्यांत आलीं. मेंदूचें बाह्य आवरण सरासरीनें सुमारें अडीच मिलिमीटर जाडीचें असतें. रुग्णांमध्यें हें आवरण कांहीं ठिकाणीं, विशेषतः हालचालींचें नियंत्रण करणाऱ्या पट्ट्यांत, किंचित् पातळ आढळलें. मेंदूच्या मध्यभागीं थॅलॅमस म्हणून एक भाग आहे. शरीराकडून येणारे बहुतेक संदेश तेथूनच पुढें जातात. त्याची उजवी बाजू थोडी लहान आढळली. आणि महत्त्वाची गोष्ट ही कीं, ज्यांचीं चित्रें एरवीं निर्दोष मानलीं जातात, त्या प्रकारच्या रुग्णांतहि हे फरक निघाले!

म्हणजे काय झालें? एका चित्राकडे पाहून तज्ज्ञालाहि जो फरक दिसला नसता, तो हजारों चित्रें शेजारीं शेजारीं ठेवल्यावर मोजमापांत उतरला. ज्याला आम्ही सोंग, आळस किंवा बाहेरची बाधा म्हणत होतों, त्याचें ठिकाण शरीरांतच आहे.

परंतु येथें दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. नाहीं तर जुना कलंक पुसतां पुसतां आपण नवा लावूं. पहिली ही कीं, हे फरक सरासरीचे आहेत. वर्गाची सरासरी उंची सांगून जशी एका मुलाची उंची सांगतां येत नाहीं, तसेंच हें आहे. यावरून अमक्या रुग्णाची बुद्धि कमी, असें म्हणणें शुद्ध अन्याय होय. दुसरी ही कीं, मेंदूंतील फरकामुळें फीट येते, कीं वर्षानुवर्षें येणाऱ्या फिटींमुळें फरक पडतो, याचा निर्णय एकदांच काढलेल्या चित्रावरून होत नाहीं. मात्र आजार जितका जुना, तितके कांहीं फरक अधिक, असेंहि त्या मोजमापांत आढळलें. तेव्हां उपचारांत दिरंगाई करूं नये, हाच शहाणपणा.

जगांत सुमारें ५ कोटि लोकांना हा विकार आहे, आणि योग्य औषधोपचार मिळाल्यास त्यांतील सुमारें ७० टक्के लोकांच्या फिटी थांबूं शकतात, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग आपण लपवितों तें काय?

बहुधा मुलामुलींचें लग्न! हिंदु विवाह कायद्यांत १९७६ च्या दुरुस्तीनें वेडाच्या झटक्यांबरोबर अपस्माराच्या झटक्यांचाहि उल्लेख विवाहाच्या आड येणारी बाब म्हणून झाला होता. १९९९ सालीं संसदेनें तो शब्द काढून टाकला. त्यानंतर कांहीं वर्षांनीं त्याच मुलीचे वडील मजकडे आले आणि म्हणाले, "सर, सांगावें कीं लपवावें?" मी म्हणालों, "कायद्यानें तो शब्द पुसला, आतां आपण भीति पुसूं या. सांगा." पहिल्या स्थळानें नकार दिला. दुसऱ्यानें ऐकून घेतलें, डॉक्टरांना भेटून शंका विचारल्या, आणि लग्न झालें. आपल्या पुण्यांत संवेदना नांवाचा स्वमदतगट अशा रुग्णांना आणि त्यांच्या कुटुंबांना एकत्र आणून याच मोकळेपणासाठीं झटत आला आहे.

शेवटीं, एक व्यवहाराची गोष्ट. कोणाला फीट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवूं नका, तोंडांत चमचा घालूं नका, हातपाय दाबून धरूं नका. जवळच्या टणक वस्तु दूर करा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, डोक्याखालीं मऊ कांहीं ठेवा, त्यांना कुशीवर वळवा आणि घड्याळाकडे पाहा. पांच मिनिटांत फीट थांबली नाहीं, तर विलंब न करतां इस्पितळांत न्या.

आणि माझ्या शिक्षकबंधुभगिनींना एवढीच विनंति कीं, वाचतां वाचतां एखादें मूल थांबलें, तर त्याला उभें करण्यापूर्वीं क्षणभर त्याच्या डोळ्यांकडे पाहा. मीं तें पाहिलें नव्हतें.