कावीळ : दिसणारी आणि न दिसणारी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात एका डॉक्टर सभासदांनी केलेले भाषण)



संमेलनाच्या आनंदाच्या प्रसंगी रोगराईचा विषय काढणे कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु 'चार हिताचे शब्द सांगा' अशी चिटणिसांची आज्ञा झाली. चाळीस वर्षांच्या व्यवसायात आपल्याच घरांतून जे पाहिले, त्याहून हिताचे मजजवळ दुसरे काय असणार?

कावीळ आपल्या परिचयाची आहे. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली, की रोग्यास माळ घालणाऱ्याकडे नेण्याचा प्रघात आहे. माळ जसजशी लांबते तसतसा रोग उतरतो, अशी समजूत. वस्तुतः माळेतील ओल्या काड्या सुकून आकसतात, दोरा सैल होतो आणि माळ लांबते. मग रोगी बरा का होतो? कारण अशी कावीळ बहुधा 'ए' किंवा 'ई' या विषाणूंची असते. ती दूषित अन्नपाण्यातून येते आणि बहुतेकांस काही आठवड्यांत आपोआप सोडून जाते. माळेस फुकटचे यश मिळते.

याचा अर्थ हा रोग क्षुल्लक आहे असा नव्हे. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि सुमारे २९ हजार लोकांस कावीळ झाली. त्या साथीतील रोग्यांचे जपून ठेवलेले रक्तद्रव पुढे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह तपासले. हा विषाणू 'ए' नव्हे आणि 'बी'ही नव्हे, असे त्यांनी १९८० साली दाखवून दिले. आज त्यास आपण 'ई' म्हणतो. गरोदर स्त्रीच्या तो जिवावर बेततो. म्हणून पावसाळ्यात पाणी उकळून पिणे हा सोवळ्याचा नव्हे, शहाणपणाचा भाग आहे.

परंतु आज मला बोलायचे आहे ते न दिसणाऱ्या काविळीविषयी. डॉ. ब्लुम्बर्ग यांच्या १९६५ सालच्या शोधातून पुढे 'बी' विषाणूची ओळख पटली. 'सी'चा शोध १९८९ सालचा. हे दोन्ही रक्तावाटे पसरतात. 'बी' शरीरसंबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी मातेकडून बालकासही जातो. डोळे पिवळे होत नाहीत, ताप येत नाही. वीस-तीस वर्षे यकृत आतून झिजत राहते आणि अखेरीस जलोदर अथवा कर्करोग होऊन उभा ठाकतो.

आपल्याच ज्ञातीतील एका घरची हकीकत सांगतो. सून गरोदर होती. तपासणीत तिच्या रक्तात 'बी' आढळला. त्याच दिवशी तिचे ताटवाटी-फुलपात्र वेगळे झाले. 'रोग लपवून मुलगी आमच्या गळ्यात बांधली' असा निरोप माहेरी गेला. मी त्या घरी जाऊन एवढेच म्हटले, 'सूनबाईंचा न्याय करण्यापूर्वी सर्वांनी रक्त तपासावे.' तपासले. मुलगा निर्दोष निघाला. सासरेबुवांच्या रक्तात मात्र तोच विषाणू सापडला, आणि त्यांचे यकृत पूर्वीच जून झाले होते. कोणी कोणास रोग दिला नव्हता. दोघांस तो निरनिराळ्या वाटांनी आला होता.

त्या रात्री सासूबाईंनी सुनेचे ताट पुन्हा पंक्तीत मांडले. बाळ जन्मल्यावर २४ तासांच्या आत त्यास लस व प्रतिद्रव्याचे इंजेक्शन दिले. ते आज निरोगी आहे. सासरेबुवा मात्र दोन वर्षांत गेले. वीस वर्षे मी त्यांचा रक्तदाब पाहत होतो. ही एक तपासणी मला कधी सुचली नाही. ती चूक माझी आहे, आणि म्हणूनच आज मी येथे उभा आहे.

बंधुभगिनींनो, एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने वा मूल कडेवर घेतल्याने हा रोग होत नाही. वस्तरा, सुई, दात घासण्याचा ब्रश मात्र प्रत्येकाचा स्वतंत्र असावा; गोंदवण्याची वा कान टोचण्याची सुईही निर्जंतुक असावी. जन्मतः 'बी'ची बाधा झालेल्या शंभर बालकांपैकी सुमारे नव्वदांत ती कायमची राहते. म्हणून जन्मवेळची लस चुकवू नये. ती सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळते. 'सी' बहुतेकांस बारा ते चोवीस आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. 'बी' औषधाने ताब्यात राहतो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली तपासणी व औषध मोफत आहे.

मंडळास माझ्या दोन विनंत्या आहेत. पुढील संमेलनात भोजनापूर्वी रक्ततपासणीची सोय करावी, आणि प्रत्येकाचा अहवाल त्याच्याच हाती द्यावा. दुसरे, आपल्या वधूवर मंडळाने या रोगास स्थळ मोडण्याचे निमित्त होऊ देऊ नये. दोघांनी तपासावे, एकमेकांस खरे सांगावे आणि ज्यास बाधा नाही त्याने लग्नापूर्वी लस घ्यावी. एवढ्याने संसार सुखाचा होतो. रोग लपविला जातो तो आपण लाज वाटावयास लावतो म्हणून. ती लाज आपण या मांडवात सोडून जावे, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.